पिवळसर झाक

त्या शनिवारी दिव्यांच्या दुकानदाराने जेवणासाठी शटर ओढून घेतलं नसतं, तर तो धरून तिचे पाच शनिवार सुखात गेले असते.

तिला फक्त एक बल्ब हवा होता. कामाच्या टेबलावरचा दिवा सकाळीच मान टाकून बसला होता आणि तिथल्या मालकीणबाईंनी फर्मावलं होतं, "तूच बघून आण. नंतर उजेड पुरत नाही म्हणून माझ्या कानाशी कुरकुर नको." आता दुकान उघडेपर्यंत अर्धा तास करायचं काय? शेजारी एक अरुंद, धुळकट काचेचं दुकान होतं. काचेमागे जुने कॅमेरे ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी.

किंमत असेल, म्हणून ती वाकली. चिठ्ठीवर सुबक अक्षरात लिहिलं होतं —

'दोष : बोटाखालचं रबर सुटलं आहे. बॅटरीचं झाकण हट्टी. आधीच्या मालकाने याच्यावर शेकडो लग्नांचे फोटो काढले, त्यामुळे शटर दमलेलं. चित्राच्या उजव्या कोपऱ्यातला एक ठिपका कायमचा मेला आहे. फार आशा ठेवू नये.'

रस्त्यात उभी राहून ती एकटीच मोठ्याने हसली. मग पुढची चिठ्ठी वाचली. मग त्याच्या पुढची. सगळीकडे दोषच दोष, कौतुकाचा एक शब्द नाही. आपल्याच मालाची अशी जाहीर बदनामी करणारा महाभाग आहे तरी कोण, हे बघायला ती आत शिरली.

"तुम्हाला हे कॅमेरे विकायचे आहेत की नाहीत?"

काउंटरमागचा तरुण डोळ्याला भिंग लावून एका कॅमेऱ्याच्या पोटात डोकावत होता. मान वर न करता तो म्हणाला, "विकायचेत ना. पण ज्याचा त्याला."

"म्हणजे?"

"एवढे दोष वाचूनही जो हवाच म्हणेल, त्याला."

"आणि असा माणूस कधी आलाय?"

"तो लग्नांचा कॅमेरा दोन वर्षं वाट बघतोय बिचारा..."

कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसलेले एक गृहस्थ डोळे न उघडताच बोलले, "सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे, नाहीतर केव्हाच हाकलला असता. दुकान माझं, आणि चिठ्ठ्या याच्या. गिऱ्हाईक येतं, चिठ्ठी वाचतं, आणि याला शाबासकी देऊन निघून जातं. शाबासकी काय चाटायची आहे?"

भाचा हसला. हसताना त्याचा उजवा हात आपसूक तोंडावर गेला.

तिच्या नजरेतून ते सुटलं नाही. तोंडावर हात ठेवून हसणारी माणसं ती दहा पावलांवरून ओळखायची, कारण तिचं पोट त्यांच्यावरच चालायचं. ती बाईंच्या प्रयोगशाळेत दात बनवायची. दवाखान्यातून प्लास्टरचे साचे यायचे, त्यांवर ती सिरॅमिकचे थर चढवायची, भट्टीत भाजायची, घासायची, चकाकी आणायची. पण सात वर्षं झाली तरी तिच्या वाट्याला फक्त दाढा. मागच्या, अंधारातल्या, कुणालाही न दिसणाऱ्या. प्रयोगशाळेत तिचं नावच 'दाढ' पडलं होतं. समोरचे दात बाई स्वतः करायच्या.

आणि आता बाईंच्या डोळ्यांना थकवा यायला लागला होता. गेल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं होतं, "दोन महिन्यांत समोरचा एक दात असा करून दाखव की मला, मला, तो ओळखता येऊ नये. दोनदा संधी देईन. जमलं तर समोरचं सगळं काम तुझं. नाही जमलं तर बाहेरून माणूस आणते, आणि तू आहेस नि तुझ्या दाढा आहेत."

घोडं अडलं होतं ते रंगापाशी. पांढरा म्हणून कुठला दात नसतो. त्यात करडा असतो, दुधी असतो, कडेला जरासा निळा असतो. दवाखान्यातून फोनवर येणाऱ्या फोटोंत हे सगळं एकाच चुन्यात बुडालेलं असायचं. रुग्णाचा दात जवळून, खऱ्या रंगात टिपायचा तर स्वतःचा कॅमेरा हवा. आणि नवा कॅमेरा घेण्याइतका दाढांचा पगार नव्हता.

हे सगळं तिने त्या भिंगवाल्याला का सांगितलं, कोण जाणे. बहुधा त्याने भिंग खाली ठेवून ऐकलं म्हणून.

"पहिलाच कॅमेरा?" त्याने विचारलं.

"पहिलाच. मला काही कळत नाही, हे आधीच सांगते. फसवू नका."

"फसवायचं असतं तर चिठ्ठ्या लिहिल्या असत्या का?"

तेही खरंच होतं. तिने फळीवरून एक काळा, ठेंगणा कॅमेरा उचलला. हाताची मूठ त्याच्याभोवती अशी बसली, जणू तो तिच्याच मापाने केला होता. त्याला चिठ्ठी नव्हती.

"हा?"

"तो आजच आलाय. तपासल्याशिवाय देता येणार नाही." तो क्षणभर थांबला. "पुढच्या शनिवारी... याल?"

ती बल्ब न घेताच परत गेली. बाईंनी जे काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या शनिवारी काळ्या कॅमेऱ्याच्या गळ्यात चिठ्ठी आली होती. दोष एकच : 'पिवळसर झाक. सेटिंग बदलूनही जात नाही.'

तिचा चेहराच पडला. पिवळसर झाक! तिच्या धंद्यात पिवळ्याच्या एका छटेपायी दात परत यायचे. "दुसरं काही चाललं असतं हो," ती म्हणाली. "झाकण तुटकं चाललं असतं, रबर नसलेलं चाललं असतं... नेमकं हेच?"

"हो ना," तो म्हणाला आणि भिंग पुसायला लागला. ते भिंग स्वच्छच होतं. पण ती नवखी होती, तिला वाटलं पुसायची पद्धत असेल.

मग सुरू झाली ती शनिवारांची रड.

ती कॅमेरा निवडायची, तो नाकारायचा. एकाचा आवाज तिला आवडला, तर म्हणाला, "तो आवाज नाही, तो खोकला आहे." दुसऱ्याची लेन्स त्याने खिडकीकडे धरली, मागून बारीक विजेरी लावली आणि म्हणाला, "या इकडे. डोळा जवळ आणा... अजून." ती वाकली. आत, काचेच्या पोटात, कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पसरलं होतं.

"बुरशी. कपाटात कोंडून ठेवलं की लेन्सला होते."

"माणसांनाही होते," ती म्हणाली.

"तुम्हाला झालीये?"

"सात वर्षं दाढांत कोंडलेय. तुम्हीच बघा विजेरी लावून."

त्याचा हात पुन्हा तोंडावर गेला. डोळे मात्र उघडपणे हसत होते. त्याच्या कपाळावर भिंगाच्या पट्ट्याचा वळ उठला होता आणि त्याच्या बाहीला स्पिरिटचा वास होता. ती झटकन मागे सरकली आणि विनाकारण पर्स उघडून बंद केली.

तिसऱ्या शनिवारी त्याने तिला कॅमेरा धरायला शिकवलं. "कोपर अंगाशी. श्वास सोडताना दाबा. दाबा म्हणजे ढकलू नका हो, तो दरवाजा नाही!" चौथ्या शनिवारी उजेड कसा वाचायचा ते शिकवलं, आणि अगदी जवळून फोटो घेणारी एक लेन्स चिठ्ठीवर लाल पेन्सिलने 'राखीव' लिहून तिच्यासाठी म्हणून बाजूला काढली. एवढं सगळं शिकवत होता, पण कॅमेरा? ताकास तूर लागू देईना. हा जड आहे, तो जवळचं धरत नाही, त्याचं आयुष्य संपत आलंय.

घरी आई वैतागली. "स्थळं बघतानासुद्धा एवढी चिकित्सा केली नाहीस!"

"मी नाही करत गं आई, तो करतो!"

"कोण तो?"

"...कॅमेरेवाला."

"हं," आई म्हणाली आणि पुढचा प्रश्न गिळून टाकला. आईचं हे गिळणं बोलण्यापेक्षा जास्त त्रासदायक असायचं.

पाचव्या शनिवारी तिचा संयम संपला. "अहो, मला आठ दिवसांत पहिला दात द्यायचाय! तुम्हाला एक तरी कॅमेरा पसंत आहे का या दुकानात?"

"घाईने घेतला तर पस्तावाल."

"न घेताच पस्तावायची वेळ आलीये!"

मामांनी डोळे मिटूनच सुस्कारा सोडला. "दे रे बाबा तिला एखादा. पोरीच्या चपला झिजल्या."

त्याने मान खाली घातली. "पुढच्या शनिवारी नक्की..." असं काहीसं तो पुटपुटला. ती दार आपटून बाहेर पडली. दाराला वरती घंटा होती, तिने उगाचच गोड आवाज केला, त्यामुळे तर ती आणखीच चिडली.

पुढच्या शनिवारी ती दुकानाकडे फिरकलीच नाही. पहिला दात तिने फोनवरच्या फोटोवरून केला. दुसरा मार्गच नव्हता. हयगय केली नाही, रीतसर केला, जीव ओतून केला. मंगळवारी तो दवाखान्यातून परत आला. बाईंनी रुग्णाच्या तोंडातला फोटो तिच्यासमोर धरला.

"जुन्या भिंतीत एकच नवी फरशी बसवावी, तसा दिसतोय," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, हेच वाईट होतं. "एक संधी उरली. आणि या वेळी माणूसही तूच शोध, पुन्हा दवाखान्याच्या फोटोंचं निमित्त नको. तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी सांगून ठेवते, बसवायचं काम त्या करतील."

बुधवारी दुपारी ती दुकानात गेली ती भांडायच्या तयारीनेच. पण तो नव्हता. सुटे भाग आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. मामांनी डोळे उघडले — तिने ते पहिल्यांदाच उघडे पाहिले, चांगले मिश्कील होते.

"काय झालं मुली?"

तिने सांगितलं. मामा उठले, फळीवरचा काळा कॅमेरा आणि ती बाजूला काढलेली लेन्स तिच्या हातात ठेवली. "ने हा. पिवळा तर पिवळा. दगडापेक्षा वीट मऊ. त्याने काय लिहिलंय ते त्याचं तो जाणे."

प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर एक पट्टी असायची. सोळा नकली दात, सोळा छटांचे, पंख्यासारखे उघडणारे. खिडकीच्या उजेडात तिने पट्टी उघडली, कोपर अंगाशी घेतलं, श्वास सोडला आणि बटण दाबलं. ढकललं नाही.

मग मोठ्या पडद्यावर फोटो उघडला, आणि पिवळी झाक शोधायला लागली.

नव्हती.

तिने पुन्हा काढला. नव्या दिव्याखाली काढला. पांढऱ्या कागदावर ठेवून काढला, करड्यावर ठेवून काढला. पडद्यावर सोळाच्या सोळा छटा जिथल्या तिथे होत्या. तिसऱ्या दाताची दुधी कड, अकराव्यातला करडा, शेवटच्यातला तो तपकिरीकडे झुकणारा हट्टी रंग, जो आजवर एकाही फोटोत आला नव्हता. इतका खरा रंग तिने कुठल्याच फोटोत पाहिला नव्हता.

म्हणजे... तो खोटं बोलला?

ज्या माणसाने झाकणाचा हट्ट लिहिला, मेलेला एक ठिपका लिहिला, तो माणूस खोटं बोलला. आणि बोलायचंच होतं तर शंभर दोष मोकळे होते. बॅटरी टिकत नाही म्हणायचं, शटर अडकतं म्हणायचं, तिला जन्मात कळलं नसतं. पण त्या शहाण्याने रंगाबद्दल खोटं बोलावं, आणि तेही कुणाशी? जिला झोपेतून उठवून विचारलं तरी पिवळ्याच्या पाच तऱ्हा सांगता येतील, तिच्याशी! चिडावं की हसावं हेच तिला कळेना. शेवटी ती चिडली, कारण तिचा एक दात वाया गेला होता.

गुरुवारी सकाळी त्याने दुकान उघडलं तेव्हा ती पायरीवर उभी होती. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात सोळा दातांची पट्टी.

"यातला पिवळा कुठला?" तिने विचारलं.

त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं. पट्टीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहायचं धाडस झालं नाही.

"...सापडलो," तो म्हणाला.

"का?"

"तो चांगला होता. अगदी चांगला. तपासला तर एक दोष सापडेना. दुसऱ्याच शनिवारी तुम्ही तो घेतला असता आणि... गेला असतात."

"गेले असते! जायलाच तर आले होते!"

"तेच ना." तो किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात करत राहिला. "एकदाच खोटं लिहायचं असं ठरवलं होतं. एक आठवड्यापुरतं. मग तिसरा शनिवार आला... चौथा आला... तुम्ही ते बुरशीचं बोललात... मग खरं सांगायची हिंमत रोज थोडी थोडी कमीच होत गेली."

"माझा दात परत आला. फोनच्या फोटोवरून केलेला. कळतंय का तुम्हाला? सात वर्षं थांबलेय मी त्या कामासाठी. दोन संधी होत्या, त्यातली एक तुमच्या पिवळ्या झाकेने खाल्ली!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हे त्याला माहीत नव्हतं. मामांनी सांगितलं नव्हतं, किंवा मुद्दाम तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. तो बोलला तेव्हा आवाज अगदी लहान होता.

"काय करू मी? सांगाल ते करतो. कॅमेरा घेऊन जा. लेन्सही न्या. माझं तोंड बघायचं नसेल तर..."

"उलट," ती म्हणाली, "तेच बघायचंय. तोंड उघडा."

"अं?"

"तुमचा समोरचा एक दात खराब आहे. उजवीकडचा बहुतेक. पहिल्या दिवसापासून हाताखाली लपवताय. मला एक माणूस हवा आहे, समोरचा दात खराब असलेला. खोटं बोलायला उघडलंत ना तोंड? आता माझ्या कामाला उघडा."

मामा तेवढ्यात पायरी चढत होते. त्यांनी दोघांकडे पाहिलं, काही एक न विचारता आत जाऊन खुर्चीत बसले आणि डोळे मिटले.

त्याने दाराजवळच्या उजेडात स्टूल ओढलं. बसला. हात दोनदा वर आला, दोनदा तिने डोळे वटारले. मग त्याने ओठ उघडले.

दात करडा होता, जळक्या काडीसारखा. "शाळेत असताना झोपाळ्यावरून पडलो," तो म्हणाला. "तो दात हळूहळू मेला. मुलं हसायची, मग मी हसायचं बंद केलं. वर्गाच्या एकाही फोटोत माझं तोंड उघडं नाही. कॅमेऱ्यामागे राहिलं की बरं असतं, कुणी हस म्हणत नाही."

तिचा अर्धा राग तिथेच उतरला. उरलेला अर्धा तिने निग्रहाने धरून ठेवला, कारण काम करायचं होतं.

ती जवळ आली. अगदी जवळचं धरणारी लेन्स, म्हणून अगदी जवळ. व्ह्यूफाइंडरमधून त्याचा शेजारचा, चांगला दात दिसला आणि ती थबकली. त्यात केसासारखी एक उभी रेघ होती. खाली, कडेला, दुधाच्या थेंबाएवढा पांढरा डाग.

"हलू नका," ती पुटपुटली.

"तुमचा हात हलतोय," तो तोंड उघडं ठेवूनच कसंबसं म्हणाला.

"गप्प बसा!" तिने कोपर आणखी अंगाशी घट्ट धरलं. "या चांगल्या दाताला एक चीर आहे. आणि एक डाग."

"सगळीकडे दोषच माझ्यात..."

"अहो, तेच तर हवंय! मागच्या वेळी मी डाग घातलाच नाही. स्वच्छ, सुंदर दात केला, आणि तो लांबून ओळखू आला. दोष नसला की दात खोटा दिसतो." हे बोलून ती स्वतःच थांबली. फळीवरच्या चिठ्ठ्यांकडे तिची नजर गेली. तो तिच्याकडेच पाहत होता, इतक्या जवळून, की दोघांपैकी कुणालाही दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

तिने श्वास सोडला. बटण दाबलं. ढकललं नाही.

मग बाकीचं सगळं यथासांग झालं. डॉक्टरीणबाईंनी दात घासून माप घेतलं. बारा दिवस ती त्या एका दाताशी झगडत होती. थर चढवला, भाजला, पसंत पडेना, फोडला. पुन्हा चढवला. चीर जमली तर डाग बिघडायचा. पडद्यावर त्याचं अर्धं हसू उघडून ठेवलेलं असायचं आणि शेजारच्या टेबलावरच्या पोरी विचारायच्या, "दाढे, एवढं काय बघतेस गं?" "रंग," ती म्हणायची. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

दात बसवल्यानंतर दुसऱ्या दिवशी बाई स्वतः दुकानात आल्या. ती बरोबर होतीच, पण चार पावलं मागे. बाईंनी चष्मा पुसला, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हस."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, दोन्ही ओठ दातांखाली दाबून. आणि तो हसला. हात खाली ठेवून, सबंध तोंडभर. इतकं मोठं हसू त्या चेहऱ्यात कोंडलेलं होतं, हे मामांनाही नवीन असावं. त्यांनी दोन्ही डोळे उघडले.

बाई वाकल्या. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. त्याला दाराशी नेलं, दिव्याखाली आणलं. दिव्यांच्या दुकानाचा मालक जेवायला जाण्याआधी शटर अर्धं ओढून बघत उभा राहिला.

"चांगला केलायस," शेवटी बाई म्हणाल्या. चांगला म्हणजे ओळखू आला. बाईंनी बोट वर केलं. "पण ही चीर जरा जास्तच झाली. हा ना? हा डावीकडचा?"

तिने चौकट आणखी घट्ट धरली. तोच म्हणाला, हसू तसंच ठेवून, "बाई, तो माझा स्वतःचा आहे. लहानपणापासूनचा."

बाईंनी बोट तसंच हवेत ठेवलं. मग चष्मा काढला, पुन्हा पुसला, पुन्हा लावून उजवीकडचा दात पाहिला. बराच वेळ पाहिला.

"सोमवारपासून माझ्या शेजारच्या टेबलावर बस," त्या तिला म्हणाल्या आणि निघाल्या. दारातून वळून म्हणाल्या, "आणि या मुलाला सांग, तोंड मिटलं तरी चालेल आता."

घंटा वाजली. या वेळी तिचा गोड आवाज तिला मुळीच खटकला नाही. ती तिथेच काउंटरला टेकली आणि रडली, मग हसली, मग पुन्हा थोडी रडली. तो नुसता उभा होता. रुमाल पुढे करावा की नाही, या विचारात रुमाल हातातच राहिला.

"झालं तर मग," तो म्हणाला. "काम झालं. कॅमेरा तुमचाच आहे. आता... शनिवारी यायचं काही कारण नाही."

हे ऐकून तिचा उरलेला अर्धा रागसुद्धा उफाळून आला. पाच शनिवार, एक वाया गेलेला दात, बारा दिवस त्याच्या हसण्याकडे बघत बसणं, आणि हा माणूस अजून कारण शोधत होता!

"कोरी चिठ्ठी आहे का एखादी?" तिने विचारलं.

त्याने दिली. दोरा ओवलेलीच होती. तिने पाठमोरी होऊन लिहिलं, त्याला बघू दिलं नाही. मग वळली आणि चिठ्ठी त्याच्या शर्टाच्या वरून दुसऱ्या बटणाला बांधली. गाठ मारायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि दोघांनीही घाई केली नाही. मग त्याने चिठ्ठी उलटी धरून वाचली —

'दोष : एकदा खोटं बोलला. तेही रंगाबद्दल. तेही माझ्याशी. जे बोलायचं ते पाच शनिवार बोलत नाही. तसा चांगला आहे, हे त्याचं त्याला कळत नाही.'

आणि त्याखाली, गिऱ्हाइकाने ठरवून टाकलेल्या कॅमेऱ्यांच्या चिठ्ठीवर तो ज्या लाल पेन्सिलने एक शब्द लिहायचा, त्याच पेन्सिलने तोच शब्द लिहिला होता. 'राखीव.'

"हे... खरं आहे?" त्याने विचारलं. "सगळं वाचून?"

"खोटं लिहायची सवय मला नाही," ती म्हणाली. "ती तुला आहे."

'तुला' ऐकलं आणि तो हसायला लागला. जुन्या सवयीने त्याचा हात तोंडाकडे निघाला. तिने तो वाटेतच पकडला, खाली आणला, आणि मग सोडलाच नाही.